ओठ का उलतात?

थंडी पडली, कोरडा वारा सुटला, की आपले ओठ उलतात. साल निघते. कालवणाचे तिखट झोंबते. मोठ्याने हसायला गेलो, की चीर पडून रक्त येते. दुखणे लहान, पण भाकरीचा घास घेताना डोळ्यांत पाणी आणते. असे का होते आणि त्यावर काय करावे, ते पाहू या.

आपल्या कातडीत तेलाच्या बारीक पिशव्या असतात. त्यांतून थोडे थोडे तेल पाझरते आणि कातडी मऊ राहते. ओठांच्या लाल भागात मात्र अशा पिशव्या जवळजवळ नसतातच. तिथे घामही येत नाही. शिवाय तिथली कातडी फार पातळ. म्हणून ओठांतला ओलावा चटकन उडून जातो.

ओठ कोरडे पडले, की आपण काय करतो? त्यांवरून जीभ फिरवतो. घटकाभर बरं वाटतं. पण बिघडते ते इथेच!

आपली काळी जमीन आठवा. पावसात ती फुगते. उन्हात आवळते आणि तिला भेगा पडतात. ओठांचेही तसेच आहे. थुंकीने ते ओले होऊन फुगतात. वारा लागला, की थुंकी उडून जाते आणि ओठ आवळतात. दिवसभर हेच चालले, तर ओठ उलणार नाहीत तर काय? शिवाय थुंकीत अन्न पचवणारा रस असतो. घासासाठी तो चांगला. ओठांच्या नाजूक कातडीला मात्र तो झोंबतो. सारखे ओठ चाटणाऱ्या मुलांच्या तोंडाभोवती लाल कडे उठते, ते यामुळेच.

मग जिभेऐवजी काय लावावे? ओलावा झाकून ठेवील असे काहीतरी स्निग्ध लावावे. घरचे साजूक तूप चालते. कोकणात कोकमाच्या बियांचे तेल काढतात. ते थिजून घट्ट होते. मुठीने दाबून त्याचे गोळे करतात, म्हणून त्याला मुठेल म्हणतात. उललेल्या ओठांना आणि टाचांना ते लावायची तिकडे जुनी चाल आहे. दुकानात व्हॅसलिन मिळते. खनिज तेलापासून केलेल्या या मलमाचे पेटंट अमेरिकेत रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ साली घेतले. तेही चांगले. यांपैकी जे हाताशी असेल ते घ्या.

लावायची रीत अशी. ओठ साध्या पाण्याने धुवा. फडक्याने अलगद टिपा. मग तूप किंवा मलम पातळ लावा. निजताना लावा आणि बाहेर निघताना लावा. सुटलेली साल ओढू नका. ओढली, की चांगली कातडीही तिच्याबरोबर येते. झोंबणारे किंवा वासाचे मलम लावू नका.

ऊसतोडीला, रानात किंवा रस्त्याच्या कामावर जाणाऱ्यांना वारा आणि ऊन दोन्ही सोसावे लागते. नुसत्या तुपाने ऊन अडत नाही. त्यांनी पदराने किंवा उपरण्याने तोंड झाकून घ्यावे. पाणी पिण्याचीही टाळाटाळ करू नये.

कधी कधी ओठ ठीक असतात, पण तोंडाचे कोपरे चिरतात. तिथे नुसते तूप लावून भागत नाही. काही वेळा तिथे बुरशी धरते. काही वेळा अन्नात 'ब' जीवनसत्त्व कमी पडते, नाहीतर रक्तात लोह कमी असते. रोजच्या जेवणात ताक, दूध, पालेभाजी, जमल्यास अंडे असावे. तरीही बरे वाटले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. उललेले ओठ जपले, तर थोड्या दिवसांत बरे होतात. पण ओठावर किंवा तोंडात एखादी जखम २ आठवडे झाले तरी भरत नसेल, पांढरा किंवा लाल चट्टा उठला असेल, गाठ लागत असेल, तर थांबू नका. ती दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका. तंबाखू-चुन्याची चिमूट ओठात धरणाऱ्यांनी, मिसरी लावणाऱ्यांनी आणि बिडी ओढणाऱ्यांनी तर मुळीच अंगावर काढू नये. प्रत्येक जखम कॅन्सरची नसते. पण असलीच, तर लवकर कळल्यास बरे होण्याची आशा पुष्कळ असते. उशीर झाला, की उपचार अवघड होतात. सरकारी दवाखान्यात जाऊन तोंड उघडून दाखवा. त्यात लाजायचं काय?

लक्षात ठेवा :

ओठांवरून जीभ फिरवू नका.
निजताना तूप किंवा मलम लावा.
साल ओढू नका.
२ आठवड्यांत न भरणारी जखम डॉक्टरांना दाखवा.