हजेरीपटही काट्यासारखा पाहावा



काट्यावर भरल्या आणि रिकाम्या गाडीचे वजन पाहिल्याशिवाय आपण पावती खिशात घालत नाही. ते योग्यच आहे. पण शेताकडे जाणाऱ्या पांदण रस्त्यावर सरकारी पैसा पडतो, त्याची पावती कोणी मागत नाही. ती पावती म्हणजे हजेरीपट, आपल्या बोलीत मस्टर.

हजेरीपटात कोण किती दिवस कामावर होते ते लिहिलेले असते, तर झालेल्या कामाचे माप मोजमाप पुस्तिकेत असते. दोन्हींचा मेळ बसला पाहिजे. मस्टरवर माणसे शंभर आणि माती वीस जणांची, असे झाले तर गावच्या मजुराचा रोज बुडतो आणि रस्ता कच्चा राहतो. रामटेक भागात गटवार फिरताना आम्ही पाहतो, अवकाळी सर आली की गाडी रुतते, तोडलेला ऊस वाळतो, वजन आणि उतारा दोन्ही घटतात.

वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्याला आधार झाली. तिचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. पण कामाची हमी मिळाली तरी कागद पाहण्याचा हक्क नव्हता. राजस्थानात डिसेंबर १९९४ मध्ये कोटकिराणा येथे मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावणी घेतली. अशा सुनावण्यांत मस्टर गावापुढे वाचले गेले आणि कामावर न गेलेल्यांची नावे निघाली. त्या मागणीतून पुढे २००५ चा माहितीचा अधिकार आला.

आता काय करावे?

१) कामाचे नाव व वर्ष लिहून संबंधित कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज द्यावा. फी १० रुपये.

२) अंदाजपत्रक, हजेरीपट आणि मोजमाप पुस्तिकेच्या प्रती मागाव्यात. नावे देता येत नाहीत म्हटले, तर एकूण मनुष्यदिवस मागावेत.

३) चालू कामाची पाहणी करण्याचा व साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचा हक्कही याच कायद्यात आहे.

४) ३० दिवसांत उत्तर न आल्यास पुढील ३० दिवसांत पहिले अपील करावे.

मिळालेला कागद ग्रामसभेत वाचावा. लिहिण्यातली चूकही असू शकते, म्हणून आधी विचारावे, मग बोट दाखवावे. काट्यावरची नजर पांदणीवरही राहू द्या, एवढेच आमचे सांगणे.