गाडी पुण्याची, मुक्काम कुठे?

जोडून सुट्टी आली की बोरघाटातल्या रांगेचा फोटो पहिल्या पानावर ठरलेला. त्यापाठोपाठ मोबाइलवर कॅराव्हॅनचं, म्हणजे चाकांवरच्या घराचं, रील येतं. मागचं दार उघडं, शेगडीवर चहा, समोर ढग. हॉटेलचं बुकिंग नको, वाटेल तिथे थांबा! हे ‘वाटेल तिथे’ प्रकरण मात्र जरा तपासून घ्यायला हवं.

गाडीचं म्हणाल तर पुणं त्यात मुरलेलं आहे. देशातल्या कितीतरी कॅराव्हॅन आकुर्डीच्या फोर्स मोटर्सच्या ट्रॅव्हलरवर बांधल्या जातात. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे, तेही वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेनेच प्रसिद्ध केलेलं. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, त्यात गाड्यांबरोबर कॅराव्हॅन पार्कचाही विचार होता. गाड्या दिसू लागल्या. पार्क शोधावे लागतात.

ऑस्ट्रेलियाचं आउटबॅक म्हटलं की नलारबॉरचा तो एकही वळण नसलेला १४६.६ किलोमीटरचा रस्ता आठवतो. पण निवृत्तीनंतर घराला कुलूप लावून महिनोन्‌महिने फिरणाऱ्या तिथल्या ‘ग्रे नोमॅड’ मंडळींची खरी भिस्त असते ती संध्याकाळच्या जागेवर. कॅराव्हॅन पार्कमधला आखून दिलेला तुकडा, १५ अँपिअरचं सॉकेट असलेला खांब, शेजारी नळ, सामाईक स्वयंपाकघर, कपडे धुण्याची यंत्रं. आणि डम्प पॉइंट! संडासाखालची पेटी बाहेर काढायची, ओढत चेंबरपर्यंत न्यायची, रिकामी करायची, विसळायची, रसायन घालून पुन्हा सरकवायची. हा भाग रीलमध्ये येत नाही. ताम्हिणी घाटात पेटी भरली तर ती कुठे ओतायची, असं आपल्याकडे विचारलं की बोलणं लगेच धबधब्यांकडे वळतं.

खरं तर फिरता मुक्काम सांभाळायची विद्या महाराष्ट्राला चांगली अवगत आहे. आषाढीच्या वाटेवर दिंडीचा ट्रक वारकऱ्यांच्या पुढे निघतो. पालखीतळाजवळ जागा धरून राहुट्या ठोकल्या जातात, टँकरमधून पाणी भरलं जातं, माणसं चालत पोचेपर्यंत पिठलं रटरटत असतं. अलीकडे ‘निर्मल वारी’मुळे फिरती शौचालयं आणि मैला उपसणारे टँकरही मुक्कामाच्या ठिकाणी हजर असतात. लाखोंची सोय एका रात्रीसाठी उभी राहते, पण घाटमाथ्यावर चार गाड्यांची वर्षभराची सोय लागत नाही. हा पैशाचा प्रश्न वाटत नाही. मैल्याबद्दल बोलायचा संकोच जास्त वाटतो.

केरळनेही २०२१ मध्येच ‘केरवान केरळ’ जाहीर केलं, पण तिथे गाडीच्या जोडीने पार्कवरही भर दिला; वागमोनला पार्क सुरूही झाला. इथे सुरुवात करायला नवी जमीन शोधायची गरज नाही. राज्य पर्यटन महामंडळाची, म्हणजे एमटीडीसीची, कार्ला आणि महाबळेश्वरची निवासं आहेतच. वीज, पाणी, रखवालदार सगळं जागेवर. प्रत्येक ठिकाणी चार खांब, चार नळ आणि झाकणाचं एक चेंबर, एवढं काम एका पावसाळ्याआधी उरकण्यासारखं आहे.