सीमा आधी, की शाळा आधी?

बेळगावच्या प्रश्नाला जर्मनी-पोलंडचा दाखला देणे धाडसाचेच. तेथे महायुद्ध, नरसंहार आणि नंतर लाखो जर्मनांची हकालपट्टी. येथे एकाच राज्यघटनेखाली नांदणारी दोन राज्ये. तरीही त्या शेजाऱ्यांना जे साधले ते आपल्याला का साधू नये, हा प्रश्न उरतोच.

जर्मनीने ओडर-नायसे ही सीमा नोव्हेंबर १९९०च्या कराराने अंतिम मानली. त्यानंतर, जून १९९१मध्ये, शेजारधर्माचा करार झाला व पोलंडमधील जर्मन अल्पसंख्याकांच्या भाषेला त्यात संरक्षण मिळाले. भूमीवरील दावा संपल्याने भाषेविषयीचा संशय ओसरण्यास वाव मिळाला. चेक लोकांशी जुळवून घेणे अधिक अवघड गेले. सुडेटन जर्मनांच्या मालमत्तेचा वाद न सुटताच १९९७च्या संयुक्त जाहीरनाम्यात दोन्ही देशांनी आपापल्या कृत्यांबद्दल खेद नोंदवला आणि जुन्या कायदेशीर तंट्यांचा भार पुढील संबंधांवर न टाकण्याचे ठरवले.

बेळगावात सीमाच अनिर्णित राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातील हे शहर म्हैसूरकडे गेले. आजही त्या तारखेला एकाच शहरात एकीकडे राज्योत्सव आणि दुसरीकडे काळा दिवस पाळला जातो. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७च्या अहवालात शहर म्हैसूरकडेच ठेवले. निपाणी, खानापूर मात्र महाराष्ट्राला देऊ केले. म्हैसूरने अहवाल स्वीकारला, महाराष्ट्राने फेटाळला. २००४मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. कर्नाटकाने २०१२मध्ये बेळगावात सुवर्ण विधानसौध उभारून आणि २०१४मध्ये शहराचे नाव बदलून आपले उत्तर दिले.

या ओढाताणीत मराठी परिपत्रकाची साधी मागणीही प्रदेशावरील दाव्यासारखी ऐकली जाते. वस्तुतः प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी घटनेचा अनुच्छेद ३५०-अ आहे. त्याला सीमेच्या निकालाची अट नाही. जत-अक्कलकोटच्या कन्नड शाळांबाबत महाराष्ट्राची कसोटीही हीच. ८६५ गावांच्या दाव्याचा मान राखूनही शाळांचा करार वेगळा करता येईल. चेक जाहीरनाम्याची वाट तीच होती.

१४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्यासमोर दोन्ही मुख्यमंत्र्यांनी तीन-तीन मंत्र्यांची समिती मान्य केली. दोन आठवडे उलटण्याआधीच दोन्ही विधिमंडळांनी परस्परविरोधी ठराव एकमताने संमत केले.