नगराचा आकडा आणि राष्ट्राचा आकडा

छत्तीसगढमधील भिलाई हे नगर पोलादासाठी देशभर प्रसिद्ध आहे. १९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारानुसार येथे पोलादाचा कारखाना उभारण्यात आला आणि १९५९ च्या फेब्रुवारीत त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्यातून कोणत्या वर्षी किती पोलाद बाहेर पडले, हे सांगणे अवघड नाही. कारण भट्टीबरोबरच मोजणीची व्यवस्थाही उभी राहिली होती. परंतु याच नगरातील किती स्त्रिया दर वर्षी अंडाशयाच्या कर्करोगाने मृत्यू पावतात, ते प्रमाण देशाच्या मानाने अधिक आहे की उणे, आणि ते वाढत आहे की घटत आहे, असा प्रश्न कोणी विचारला, तर त्याचे उत्तर तितके सोपे नाही. हे उत्तर मिळविण्यासाठी काय काय करावे लागते आणि घाईने उत्तर दिल्यास कोणती चूक होते, याचा विचार या प्रकरणात केला आहे.

रोगाचे स्वरूप

अंडाशय, म्हणजेच बीजांडकोश, हे ओटीपोटात खोलवर असलेले लहानसे इंद्रिय आहे. त्यात वाढणारी गाठ दीर्घकाळ बाहेरून जाणवत नाही. पोट फुगणे, थोडेसे खाताच पोट भरल्यासारखे वाटणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला जावे लागणे ही तिची प्रमुख लक्षणे होत. ही लक्षणे इतकी सामान्य आहेत, की घरातील स्त्री ती अपचनावर किंवा वाढत्या वयावर घालते आणि अंगावर काढते. परिणामी बहुतेक रुग्णांच्या बाबतीत निदान होईपर्यंत रोग उदरात पसरलेला असतो. लक्षणे नसलेल्या स्त्रियांची सरसकट तपासणी करून हा रोग आधीच पकडता येईल काय, याचा शोध ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर घेण्यात आला. त्याचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला, तो निराशाजनक होता : अशा तपासणीने मृत्यूंची संख्या घटली नाही.

म्हणूनच या रोगात नव्या रुग्णांची संख्या आणि मृत्यूंची संख्या यांतील अंतर कमी असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात अंडाशयाच्या कर्करोगाचे सुमारे ४७,००० नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ३३,००० स्त्रिया त्याने मृत्यू पावल्या. म्हणजे दर १० नव्या रुग्णांमागे ७ मृत्यू. स्तनांच्या कर्करोगाच्या बाबतीत हेच प्रमाण १० मागे सुमारे ५ इतके आहे.

राष्ट्रीय आकडा कोठून येतो

वरील आकडा हा देशातील प्रत्येक मृत्यूची मोजणी करून काढलेला नाही, ही गोष्ट वाचकाने प्रथम ध्यानात घ्यावी. तो अंदाज आहे आणि त्याचा पाया मुख्यतः कर्करोग नोंदणी केंद्रांनी गोळा केलेल्या माहितीवर आहे. नोंदणी केंद्र म्हणजे ठरावीक भूभागात राहणाऱ्या लोकांपैकी कोणाला कर्करोग झाला आणि पुढे त्याचे काय झाले, याची सातत्याने नोंद ठेवणारी यंत्रणा. भारतातील असे पहिले केंद्र इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत स्थापन केले. १९६४ पासूनची माहिती तेथे गोळा झाली आहे. त्यानंतर पुणे, औरंगाबाद आणि नागपूर येथे केंद्रे निघाली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९८२ पासून राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम चालविला. १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिले ग्रामीण नोंदणी केंद्र सुरू झाले.

या कार्यक्रमाच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात २८ केंद्रांची माहिती आहे. ही केंद्रे मिळून देशाच्या लोकसंख्येचा जेमतेम दहावा हिस्सा व्यापतात. त्यांत छत्तीसगढमधील एकही केंद्र नाही. याचा अर्थ असा, की ज्या राष्ट्रीय आकड्याशी भिलाईची तुलना करावयाची, त्यात भिलाईच्या स्त्रियांची प्रत्यक्ष गणना झालेलीच नाही. मोजमापाची काठी दुसऱ्यांच्या उंचीवरून तयार केलेली आहे. ती निरुपयोगी आहे असे नव्हे. पण ती कशी तयार झाली, याचे भान सुटता कामा नये.

मृत्यू कोणत्या गावचा?

आता स्थानिक आकड्याकडे वळू. भिलाईतील मृत्यू मोजण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे नगरातील मृत्यूंचे नोंदणी पुस्तक उघडणे. परंतु जन्ममृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार मृत्यूची नोंद जेथे तो घडला तेथे होते. मृत व्यक्ती जेथे राहत होती तेथे होत नाही. भिलाई हे मुंबई-हावडा लोहमार्गावर आहे. एकीकडे रायपूर अगदी जवळ, तर दुसरीकडे नागपूर एका रात्रीहूनही कमी प्रवासाच्या अंतरावर. १९५६ पूर्वी दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता, त्याची राजधानीही नागपूरच होती. अवघड दुखण्यासाठी नागपूर किंवा मुंबई गाठण्याची या भागातील रीत जुनी आहे. तेव्हा भिलाईची रहिवासी असलेली स्त्री उपचार चालू असता नागपुरात मृत्यू पावली, तर तिची नोंद नागपुरात होते आणि भिलाईच्या हिशेबातून ती नाहीशी होते.

याच्या उलटही घडते. भिलाईच्या सेक्टर ९ मधील कारखान्याच्या मोठ्या रुग्णालयात आसपासच्या जिल्ह्यांतील रुग्णही येतात. त्यांच्यापैकी कोणी तेथे दगावल्यास तो मृत्यू भिलाईच्या पुस्तकात जातो. वजाबाकी आणि बेरीज या दोन्ही चुका एकमेकींना खोडून काढतील, असे मानण्यास आधार नाही. यास्तव प्रत्येक नोंदीतील कायमचा पत्ता तपासून रहिवाशांचे मृत्यू वेगळे काढणे ही तुलनेची पहिली अट होय.

कारणाची नोंद

दुसरी अट मृत्यूच्या कारणासंबंधी आहे. आपल्या देशात नोंदविलेल्या मृत्यूंपैकी ज्यांचे कारण वैद्यकीय रीतीने प्रमाणित होते, त्यांचा वाटा २०२० साली सुमारे २२ टक्केच होता. प्रमाणपत्र असले तरी त्यावर पुष्कळदा ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढेच लिहिलेले असते. हृदयक्रिया तर प्रत्येक मरणाऱ्याची बंद पडते. ते मृत्यूचे कारण नव्हे, तो मृत्यूच होय. कधी ‘पोटातील कर्करोग’ असा मोघम शेरा असतो. त्यातून अंडाशय, जठर आणि आतडे यांचा उलगडा होत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी प्रशिक्षित कार्यकर्ते मृताच्या घरी जाऊन अखेरच्या आजाराची लक्षणे विचारतात आणि डॉक्टर त्यावरून कारण ठरवितात, अशी पद्धत अवलंबिण्यात आली. २००१ ते २००३ या काळातील मृत्यूंच्या अशा देशव्यापी चौकशीवरून २०१० सालासाठी कर्करोगाने झालेल्या सुमारे साडेपाच लाख मृत्यूंचा अंदाज बांधण्यात आला. त्यांपैकी ७१ टक्के मृत्यू ३० ते ६९ या वयात झालेले होते. म्हणजे घर चालविणाऱ्या माणसांचे होते. तथापि, अंडाशयासारख्या आत दडलेल्या इंद्रियाचा रोग केवळ नातेवाइकांच्या सांगण्यावरून ओळखणे फार कठीण असते. जेथे निदानाची सोय कमी, तेथे या रोगाचा आकडाही कमी दिसतो. तो रोगाचा अभाव नव्हे, नोंदीचा अभाव असू शकतो.

वयाचा परिणाम

समजा, दोन वस्त्या आहेत आणि प्रत्येकीत १ लाख स्त्रिया राहतात. दोन्हींत ४५ वर्षांखालील स्त्रियांत या रोगाचा वार्षिक मृत्युदर लाखामागे १ आणि त्याहून मोठ्या स्त्रियांत लाखामागे १५ आहे. म्हणजे धोका अगदी सारखा आहे. पहिल्या वस्तीत मोठ्या वयाच्या स्त्रिया २०,००० आहेत, तर दुसरीत ४०,०००. हिशेब केल्यास पहिल्या वस्तीचा स्थूल मृत्युदर ३.८ आणि दुसरीचा ६.६ येतो. धोका समान असूनही दुसरी वस्ती जवळजवळ दुप्पट ग्रासलेली भासते.

हा भ्रम दूर करण्यासाठी दोन्ही वस्त्यांचे वयोगटवार दर एकाच प्रमाण लोकसंख्येला लावतात. जपानी शास्त्रज्ञ मित्सुओ सेगी यांनी १९६० साली सुचविलेली आणि पुढे किंचित सुधारलेली ‘जागतिक प्रमाण लोकसंख्या’ यासाठी सर्वत्र वापरली जाते. तिच्यातील १ लाख व्यक्तींपैकी २६,००० व्यक्ती ४५ वर्षांच्या वा त्याहून मोठ्या आहेत. हे प्रमाण वरील वस्त्यांना लावले असता दोहोंचा दर सुमारे ४.६ इतकाच येतो. यालाच वयःप्रमाणित दर म्हणतात.

भिलाईच्या बाबतीत या दुरुस्तीला विशेष महत्त्व आहे. हे नगर हळूहळू वाढलेले जुने गाव नव्हे. कारखाना निघाला तेव्हा देशाच्या कानाकोपऱ्यांतून तरुण कामगार येथे आले आणि त्यांच्याबरोबर तरुण कुटुंबे आली. अशा नगरात आरंभीची अनेक वर्षे या रोगाचे मृत्यू क्वचितच दिसणार. ती पिढी वृद्ध झाली की मृत्यूंची संख्या आपोआप वाढणार. शिवाय निवृत्तीनंतर कारखान्याचे घर सोडून मूळ गावी परतणारी कुटुंबेही असतात. ही सर्व ये-जा ध्यानात न घेता वाढत्या आकड्याचे खापर हवेवर, पाण्यावर किंवा कारखान्यावर फोडणे जसे चूक, तसेच केवळ वयाकडे बोट दाखवून प्रश्न मिटवून टाकणेही चूकच. आधी वयाचा परिणाम वेगळा काढावा आणि मग जे उरेल त्याचे कारण शोधावे.

लहान संख्यांचे वागणे

२०११ च्या जनगणनेत भिलाई महानगरपालिकेची लोकसंख्या सुमारे सव्वासहा लाख होती. म्हणजे स्त्रिया सुमारे ३ लाख. देशातील मृत्युदर लाखामागे ५ धरल्यास येथे वर्षाला सुमारे १५ मृत्यू अपेक्षित ठरतात. परंतु धोका तिळमात्र न बदलताही निव्वळ योगायोगाने ही संख्या एखाद्या वर्षी ८ तर एखाद्या वर्षी २२ होऊ शकते. ८ वरून २२ वर उडी पाहून ‘रोग तिपटीने वाढला’ असे म्हणणारा मनुष्य खोटे बोलत नसतो. तो फक्त योगायोगाला कारण समजत असतो.

यावर उपाय म्हणजे अनेक वर्षांचा एकत्र विचार. पाच वर्षांत ७५ मृत्यू अपेक्षित असतील, तर योगायोगाची मर्यादा साधारणपणे ५८ ते ९२ अशी पडते. एका वर्षाच्या आकड्यात योगायोगाने निम्म्याने फरक पडू शकतो. पाच वर्षांच्या बेरजेत तो पाव हिश्शाच्या आत येतो. लहान नगराला धीर धरावा लागतो, तो याच कारणाने.

कल कसा ओळखावा

काळानुसार होणाऱ्या बदलाचा विचार करताना आणखी एक सावधगिरी हवी. सोनोग्राफीची सोय झाली, रक्ताच्या विशिष्ट चाचण्या आल्या, प्रमाणपत्र लिहिण्याची रीत सुधारली, की पूर्वी मोघम कारणाखाली जाणारे मृत्यू अंडाशयाच्या नावे लागू लागतात. जिल्ह्याच्या सीमाही बदलतात : २०१२ साली दुर्ग जिल्ह्यातून बालोद आणि बेमेतरा हे जिल्हे वेगळे झाले. त्यापूर्वीचा व नंतरचा ‘दुर्ग’ एकच समजून रेषा काढली, तर ती रेषा रोगाची नसून नकाशाची होईल.

याचा अर्थ प्रत्येक वाढ खोटी असते, असा नाही. जितकी बाळंतपणे अधिक, तितका या रोगाचा धोका कमी, असे आढळून आले आहे. भारतात १९७१ च्या सुमारास एका स्त्रीला सरासरी पाचांहून अधिक मुले होत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ही सरासरी २ वर आली. लहान कुटुंबाचे लाभ निर्विवाद आहेत. तरी त्यामुळे हा एक रोग काही अंशी वाढण्याचा संभव आहे. उलट, गर्भनिरोधक गोळ्यांच्या दीर्घ वापराने धोका घटतो, असे ४५ अभ्यासांच्या २००८ सालच्या एकत्रित विश्लेषणात दिसून आले. काही कुटुंबांत आनुवंशिक दोषामुळे धोका पुष्कळच वाढतो. खरा कल ओळखावयाचा तर हे सर्व प्रवाह एकमेकांपासून वेगळे करावे लागतात.

तुलनेचा उपयोग

इतक्या अडचणी असताना तुलना करावीच कशाला, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर बार्शीने दिले आहे. बार्शी, भूम आणि परांडा या तीन तालुक्यांतील खेडोपाडी कार्यकर्ते फिरले, घरोघरी विचारपूस केली, लक्षणे समजावून सांगितली. रुग्ण मोजण्यासाठी निघालेल्या या माणसांमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकर दवाखान्यात येऊ लागल्या. मोजणी आणि उपचार ही दोन वेगळी कामे नाहीत, हे त्यातून सिद्ध झाले.

भिलाईसारख्या नगरालाही हे अशक्य नाही. २०२३ साली दुरुस्त झालेल्या अधिनियमानुसार मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र देणे रुग्णालयांवर बंधनकारक झाले आहे. ते नीट लिहिले गेले, पत्ता तपासला गेला, वयानुसार दर काढला गेला आणि पाच वर्षांचा धीर धरला गेला, तर नगराचा आकडा राष्ट्राच्या आकड्याशेजारी मानाने उभा राहू शकेल.

तोपर्यंत कमी आकडा पाहून निश्चिंत होऊ नये आणि मोठा आकडा पाहून घाबरू नये. परंतु ज्या स्त्रीचे पोट कित्येक आठवडे फुगलेले आहे आणि जिची भूक मेली आहे, तिने मात्र कोणत्याही आकड्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. सरासरी समाजाची असते, आजार एकेका व्यक्तीचा असतो.