एकच पंचांग, दोन बँड

तारापूरच्या अणुवीज केंद्रातल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने पुरवल्या. १९६९ साली त्यांची वीज ग्रिडमध्ये गेली. म्हणजे तारापूरसाठी बोईसर स्टेशनात उतरणाऱ्या माणसाला अमेरिकन तंत्रज्ञानाची ओळख मुंबईच्या बऱ्याच उपनगरांच्या आधी झाली. अमेरिकन रॉक संगीत मात्र या बाजूला सावकाश आलं. बोईसर-पालघरच्या हळदीत आणि वरातीत विजेवर वाजणारं तारांचं वाद्य म्हणजे बेंजो, आणि तो अजूनही आपला मान राखून आहे. सिएटल शहरातून निघालेल्या ‘ग्रंज’ नावाच्या मळकट, जड, खर्जातल्या गिटारसंगीताला इथे पोचायला दोन वाटा होत्या: मुंबईहून आणलेली कॅसेट आणि केबलवाल्याने जोडून दिलेली एमटीव्ही वाहिनी. आशियासाठीची एमटीव्ही सुरू झाली सप्टेंबर १९९१मध्ये. ग्रंजचा सगळ्यात गाजलेला अल्बम, निर्वाणा या बँडचा ‘नेव्हरमाइंड’, त्याच महिन्याच्या २४ तारखेला अमेरिकेत दुकानांत आला. योग असा की, भारतातल्या काही घरांत तो जवळजवळ ताजा असतानाच शिरला.

पण या लेखात निर्वाणाची भूमिका पाहुण्याची आहे. मुख्य गोष्ट दोन वेगळ्या बँडची आहे, आणि त्यांची सालं शेजारी शेजारी ठेवली की गंमत वाटते. मुंबईचा रॉक मशीन, ज्याने पुढे इंडस क्रीड हे नाव घेतलं, १९८४ साली सुरू झाला. सिएटलचा साउंडगार्डनही १९८४चाच. दोघांचा पहिला पूर्ण लांबीचा अल्बम १९८८चा. दोघेही १९९७मध्ये फुटले, २०१०मध्ये पुन्हा जमले आणि पुनरागमनाचा अल्बम दोघांनीही २०१२मध्ये काढला. या जुळणीमागे कुठलंही सूत्र नाही, हा निव्वळ योगायोग. मात्र त्यामुळे एका प्रश्नाची तपासणी सोपी होते: ज्याच्या विक्रीचा आठवड्या-आठवड्याचा हिशेब कोणीतरी ठेवतो, त्या बँडचा इतिहास आणि ज्याचा हिशेब कोणीच ठेवत नाही, त्या बँडचा इतिहास, यांत नेमका फरक काय पडतो?

साउंडगार्डनचा गिटारवादक किम थायिल हा केरळी आई-वडिलांचा मुलगा. त्याचा जन्म १९६०चा, सिएटलचा; लहानपण गेलं इलिनॉय राज्यातल्या पार्क फॉरेस्टमध्ये. वडिलांचं शिक्षण केमिकल इंजिनिअरिंगचं, म्हणजे बोईसरच्या कुठल्याही वसाहतीत सहज खपून गेलं असतं असं घर. १९८१च्या सुमारास तो मित्र हिरो यामामोटोबरोबर सिएटलला परतला, विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकला, आणि यामामोटो व गायक ख्रिस कॉर्नेल यांच्यासोबत त्याने बँड उभा केला. ज्या ‘सब पॉप’ कंपनीने ग्रंजला बाजारात उभं केलं, तिचे दोन मालक ब्रूस पॅव्हिट आणि जोनाथन पोनमन यांची गाठ घालून देणारा मध्यस्थही थायिलच. पॅव्हिट त्याचा पार्क फॉरेस्टचा ओळखीचा. ग्रंजच्या मुळाशी एका मल्याळी नावाचा माणूस आहे, ही गोष्ट आपल्याकडे अजूनही पुरेशा लोकांना ठाऊक नाही.

मुंबईत त्याच वेळी रॉक मशीनचे महेश तिनईकर गिटारवर, मार्क सेल्विन बेसवर आणि त्यांचे सहकारी कॉलेजच्या महोत्सवांमध्ये वाजवत होते. उदय बेनेगल गायक म्हणून थोडा नंतर आला आणि बँडचा चेहरा झाला. तेव्हाचा शिरस्ता असा की, भारतीय रॉक बँडने परदेशी बँडची गाणी हुबेहूब वाजवावीत. प्रेक्षक डीप पर्पलची फर्माईश करणार आणि बँड ती पुरी करणार. स्वतःचं गाणं सुरू झालं की लोक चहाला उठायचे. रॉक मशीनने हा शिरस्ता मोडला, हे त्यांचं पहिलं श्रेय. १९८८चा ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ आणि १९९०चा ‘द सेकंड कमिंग’ हे दोन्ही अल्बम स्वतःच्या गाण्यांचे. आज ऐकताना त्यांतली केशभूषा ऐकू येते, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही: उंच पट्टीचा गळा, चकचकीत कीबोर्ड, लॉस एंजेलिसच्या धाटणीचे सोलो. बंडखोराचं नाव लावलेला पहिला अल्बम ध्वनीच्या बाबतीत अगदी आज्ञाधारक आहे. पण रचना स्वतःच्या होत्या आणि त्या लोकांना पाठ होत होत्या.

त्या लोकांचा मुक्काम होता धोबी तलावाजवळचं रंगभवन. झेवियर्स कॉलेजच्या शेजारच्या या खुल्या नाट्यगृहात १९८६पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’चे कार्यक्रम रंगले आणि मुंबईच्या रॉकची एक पिढी तिथल्या पायऱ्यांवर घडली. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांनी रंगभवनाचा आवाज बंद केला. बोईसरच्या तरुणाला रंगभवनात जाणं सोपं होतं, येणं अवघड. लोकल विरारला संपायची आणि पुढचे चाळीसेक किलोमीटर पॅसेंजर गाडीच्या मर्जीवर. डहाणूपर्यंत उपनगरी गाडी धावली ती एप्रिल २०१३मध्ये. तोवर रंगभवन बंद पडून कितीतरी वर्षं लोटली होती.

१९८८मध्ये दोन्ही बँडची पत साधारण सारखीच होती, म्हणजे विक्रीच्या तक्त्यात दोघेही नाहीत. साउंडगार्डनचा ‘अल्ट्रामेगा ओके’ एसएसटी या छोट्या कंपनीने काढला होता. पुढच्या वर्षी ‘लाउडर दॅन लव्ह’ ए अँड एम या मोठ्या कंपनीतून आला आणि बिलबोर्डच्या दोनशेच्या यादीत १०८व्या जागेपर्यंत चढला. १०८ हा आकडा मानाचा नव्हे, पण तो आहे. कुठल्याही संशोधकाला आज तो काढता येतो. ‘द सेकंड कमिंग’ १९९०मध्ये कितव्या जागेवर होता, या प्रश्नाला अर्थच नाही, कारण जागाच नव्हत्या.

मग १९९१ उजाडलं आणि अमेरिकेत मोजणीच बदलली. तोपर्यंत बिलबोर्डची माणसं दुकानदारांना फोन करून ‘काय खपतंय?’ असं विचारत. दुकानदार आठवेल ते, किंवा सोयीचं असेल ते सांगायचा. २५ मे १९९१च्या अंकापासून ‘साउंडस्कॅन’ आलं: गल्ल्यावर बारकोड वाचला गेला की विक्री नोंदली गेली. लगेच दिसून आलं की दुकानदार जे संगीतप्रकार किरकोळ समजत होते ते भरपूर खपतात. कंट्री, रॅप आणि जड गिटारवालं रॉक यांची ताकद एकदम कागदावर आली. ‘नेव्हरमाइंड’ १४४व्या जागेवर शिरला आणि ११ जानेवारी १९९२च्या यादीत मायकेल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला बाजूला सारून पहिला आला. ग्रंजचा विजय हा संगीताचा होताच, पण त्याची बातमी बारकोडने दिली. बातमी झाली म्हणून कंपन्यांनी पैसा ओतला, सिएटलमध्ये करारांची रांग लागली.

भारतात असा तक्ता नव्हता, असं म्हणणं मात्र चुकीचं ठरेल. १९५२पासून रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ होतीच. दुकानांतली विक्री आणि श्रोत्यांची पत्रं यांच्या आधारावर गाण्यांना ‘पायदान’ मिळायचं आणि देशभर लोक त्यावर वाद घालायचे. पण ती शिडी हिंदी चित्रपटगीतांची. इंग्रजीत गाणाऱ्या मुंबईच्या पोरांना तिच्यावर चढायला वाव नव्हता. शिवाय त्यांचे श्रोते कॅसेट विकत घेतच असं नाही. गावोगावच्या रेकॉर्डिंगच्या दुकानात गाण्यांची यादी द्यायची, साठ किंवा नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट भरून घ्यायची, मग ती वर्गात, हॉस्टेलात, क्वार्टर्समध्ये हातोहात फिरवायची, अशी ती व्यवस्था. एका कॅसेटचे किती श्रोते झाले हे सांगायला कोणी नव्हतं. तारापूर एमआयडीसीत एका पाळीत किती मीटर कापड निघालं याची नोंद वहीत असते. मुंबईच्या रॉकची पाळी कुणी नोंदवली नाही.

त्यातल्या त्यात एक दिवस अपवाद. २ सप्टेंबर १९९३ रोजी लॉस एंजेलिसमध्ये एमटीव्हीचे वार्षिक व्हिडिओ पुरस्कार झाले. रॉक मशीनने त्याच वर्षी नाव बदलून इंडस क्रीड केलं होतं. त्यांच्या ‘प्रिटी चाइल्ड’ला आशियाच्या प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. त्याच सोहळ्यात वर्षातला सर्वोत्कृष्ट व्हिडिओ ठरला सिएटलच्याच पर्ल जॅमचा ‘जेरेमी’, आणि ‘अल्टरनेटिव्ह’ विभागात निर्वाणाचा ‘इन ब्लूम’. मुंबईचा बँड आणि ग्रंजचे दोन खांब एका विजेत्यांच्या यादीत असण्याचा हा प्रसंग. प्रेक्षकांची मतं मोजली गेली, एवढाच त्या पुरस्काराचा आणि बिनाकाचा संबंध. पण मोजदाद झाली आणि इंडस क्रीडचं नाव आलं, हे महत्त्वाचं.

नाव बदलल्यावर संगीतही बदललं. १९९५चा ‘इंडस क्रीड’ हा या चमूचा पहिला असा अल्बम, ज्यात ते कुठले आहेत हे ऐकून कळतं. भारतीय वाद्यं आणि लय त्यात आली, सजावट कमी झाली. ‘ट्रॅप्ड’ आणि ‘स्लीप’ ही गाणी त्यांच्या १९८८च्या गाण्यांपेक्षा कैक पटींनी प्रौढ. दुर्दैव असं की, कारागिरी पिकली तेव्हा बाजार दुसरीकडे वळला होता. बाबा सेहगलच्या ‘ठंडा ठंडा पानी’ने १९९२मध्ये हिंदी पॉपची दारं उघडली होती, आणि १९९५मध्येच अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ आलं. ज्या वाहिन्यांनी रॉकला घरात आणलं, त्यांनीच हिंदी पॉपला डोक्यावर घेतलं. इंग्रजी रॉकसाठी कपाटातला खालचा कप्पा उरला.

साउंडगार्डनची त्याच काळातली गोष्ट आकड्यांतच सांगता येते. ‘बॅडमोटरफिंगर’ ऑक्टोबर १९९१चा, चढला ३९व्या जागेपर्यंत. ८ मार्च १९९४ला ‘सुपरअननोन’ आला आणि पहिल्याच आठवड्यात तीन लाखांवर प्रती खपून थेट पहिल्या जागेवर बसला. नाइन इंच नेल्सचा त्याच दिवशी निघालेला अल्बम दुसरा राहिला. एकट्या अमेरिकेत ‘सुपरअननोन’च्या पन्नास लाखांहून अधिक प्रती गेल्या. ‘ब्लॅक होल सन’ने रॉक रेडिओच्या यादीत सात आठवडे पहिली जागा सोडली नाही. ‘स्पूनमन’मध्ये सिएटलच्या रस्त्यावर चमचे वाजवणारा एक खराखुरा कलाकार चमचे वाजवतो, त्या गाण्यालाही ग्रॅमी मिळालं, ‘ब्लॅक होल सन’लाही. मे १९९६चा ‘डाऊन ऑन द अपसाइड’ दुसऱ्या जागेवर उघडला, दोन लाख प्रतींनी. आधीच्या अल्बमपेक्षा कमी म्हणून त्याला उतरती कळा म्हटलं गेलं. मोजणीचा हा एक तोटा: दोन लाख प्रतीही अपयश वाटू शकतात. खरं तर तो त्यांचा सर्वात मोकळा अल्बम आहे, आणि आकडा बाजूला ठेवून ऐकणाऱ्याला तो जास्त आवडेल.

एप्रिल १९९७मध्ये साउंडगार्डनने बँड संपल्याचं जाहीर केलं. दोन महिने आधी होनोलुलूच्या कार्यक्रमात यंत्रसामग्री बिघडली, बेसवादक बेन शेफर्ड वाद्य फेकून मंचावरून निघून गेला होता. इंडस क्रीडचा शेवट अशा धडाक्याचा नव्हता. बेनेगल आणि गिटारवादक जयेश गांधी पुढे न्यूयॉर्कला गेले, तिथे त्यांनी ‘आल्म्स फॉर शांती’ नावाचा बँड काढला. मुंबईत पेंटाग्रामसारखी पुढची पिढी उभी राहिली होती; पेंटाग्रामचा पहिला अल्बम १९९६चा, आणि त्या बँडचा गायक विशाल ददलानी पुढे चित्रपटसंगीतात गेला, जिथे प्रत्येक गाण्याचा हिशेब ठेवला जातो.

२०१०मध्ये दोघेही परत आले. साउंडगार्डनचा ‘किंग ॲनिमल’ नोव्हेंबर २०१२मध्ये पाचव्या जागेवर उघडला, ८३ हजारांच्या आसपास प्रतींनी. १९९४च्या तुलनेत आकडा लहान, पण तोवर सगळ्यांचेच आकडे लहान झाले होते. इंडस क्रीडच्या ‘इव्हॉल्व्ह’साठी तिनईकर, बेनेगल आणि कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया यांच्यासोबत रुशाद मिस्त्री आणि जय रो कवी हे तरुण वादक आले. अल्बमचं मिक्सिंग केलं टिम पामरने. हा तोच ब्रिटिश माणूस, ज्याने १९९१मध्ये पर्ल जॅमचा ‘टेन’ मिक्स केला. त्या अल्बममधल्या ‘ओशन्स’वर त्याने तालवाद्य म्हणून मिरपुडीची डबी आणि अग्निशामक नळकांडं वाजवलं, आणि त्याचं नाव तशा श्रेयासह छापलंय. ‘टेन’ दुसऱ्या जागेपर्यंत गेला आणि अमेरिकेत एक कोटीहून अधिक खपला. त्याच कानांतून गेलेला ‘इव्हॉल्व्ह’ इंडस क्रीडचा सर्वात भरीव अल्बम आहे. ‘फायरफ्लाइज’ आणि ‘डिझॉल्व्ह’ ऐकताना १९८८ची केशभूषा कुठेच आठवत नाही. गिटार खाली उतरली आहे, गाणं लांबतं तिथे लांबू दिलं आहे.

कॉर्नेल मे २०१७मध्ये गेला. नोव्हेंबर २०२५मध्ये साउंडगार्डनचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. भारतातल्या कंपन्यांच्या संघटनेने, इंडियन म्युझिक इंडस्ट्रीने, जून २०२१मध्ये स्ट्रीमिंगच्या आकड्यांवर आधारलेली साप्ताहिक अधिकृत यादी पहिल्यांदा सुरू केली. वीस गाण्यांची ती यादी आहे, आणि तिच्यात मोजली जातात ती परदेशी गाणी.