कृत्रिम प्रज्ञेची साधने, प्रयोगशाळा आणि सुरक्षिततेची भाषा

१. प्रश्नाचे स्वरूप

कृत्रिम प्रज्ञेच्या साधनांची चर्चा बहुधा साधनापासूनच सुरू होते. त्याला किती ठाऊक आहे, ते कोठे चुकते, परीक्षेत त्याला किती गुण मिळतात, हे प्रश्न प्रथम विचारले जातात. ते आवश्यक असले तरी पुरेसे नाहीत. साधनाने दिलेले उत्तर बरोबर असूनही त्याचा विनियोग चुकीचा होऊ शकतो. उलटपक्षी उत्तर सदोष असताही जाणकार मनुष्य त्यातील दोष हेरून अनर्थ टाळू शकतो. म्हणून साधनाची परीक्षा आणि साधनाच्या वापराची परीक्षा या दोन भिन्न गोष्टी मानल्या पाहिजेत. यांपैकी दुसऱ्या परीक्षेत भाषाशास्त्राच्या वाट्याला कोणते कार्य येते, याचे विवेचन येथे ठाणे व कल्याण-डोंबिवली या परिसराच्या संदर्भात करावयाचे आहे.

हा परिसर निवडण्याचे कारण उघड आहे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आणि राहती घरे यांच्यात फारसे अंतर उरलेले नाही. तेथे २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी कारखान्यांत भीषण स्फोट झाले. दोन्ही वेळी दहाहून अधिक माणसे प्राणास मुकली आणि सभोवारच्या इमारतींच्या काचा दूरवर फुटल्या. या दुर्घटनांशी कृत्रिम प्रज्ञेचा संबंध जोडण्याचा येथे हेतू नाही. रसायनासंबंधीची सूचना कागदावरून कामगाराच्या हातापर्यंत कशी पोचते, हा प्रश्न या भागात किती निकडीचा आहे, एवढेच त्यांवरून ध्यानात घ्यावयाचे आहे.

२. वापराच्या अभ्यासाच्या पद्धती

या साधनांचा लोक कसा उपयोग करतात, हे जाणण्याचे तीन मार्ग आज रूढ होत आहेत.

पहिला मार्ग संभाषणांच्या मोठ्या संग्रहाचा. अँथ्रॉपिक या संस्थेने फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या साधनाशी झालेल्या संभाषणांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. व्यक्तीची ओळख उघड होणार नाही अशा रीतीने केलेल्या त्या वर्गीकरणात शेकडा ३७ संभाषणे संगणक व गणित या क्षेत्रांतील कामांची होती. सुमारे ५७ टक्के संभाषणांत मनुष्य साधनाच्या सहकार्याने काम करीत होता; उरलेल्या ४३ टक्क्यांत काम साधनाकडेच सोपविलेले होते.

दुसरा मार्ग लिखित मजकुरातील खुणांचा असून तो भाषाभ्यासकांना अधिक परिचित वाटेल. दिमित्री कोबाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० ते २०२४ या काळातील वैद्यक व जीवशास्त्र विषयांच्या दीड कोटीहून अधिक इंग्रजी शोधनिबंध-सारांशांची शब्दगणना केली. ‘डेल्व्ह’ यांसारख्या काही शब्दांची वारंवारता एकाएकी वाढलेली त्यांना आढळली. तिच्या आधारे २०२४ मधील किमान १३.५ टक्के सारांशांवर अशा साधनांचा हात फिरला असावा, असा निष्कर्ष त्यांनी २०२५ मध्ये मांडला.

तिसरा मार्ग प्रत्यक्ष निरीक्षणाचा, आणि तोच सर्वांत जुना आहे. ब्रूनो लातूर हे १९७५ ते १९७७ या काळात कॅलिफोर्नियातील सॉल्क संस्थेच्या प्रयोगशाळेत निरीक्षक म्हणून राहिले. स्टीव्ह वूलगर यांच्यासह त्यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विधानांच्या स्थित्यंतराकडे विशेष लक्ष वेधले आहे. ‘अमुक असण्याचा संभव आहे’ असे विधान प्रथम टिपणात येते. पुढे ‘अमुक असल्याचे अमक्याने दाखविले आहे’ असे त्याचे रूप होते. अखेरीस सर्व विशेषणे गळून ‘अमुक आहे’ एवढेच उरते. प्रयोगशाळेत ही गळती प्रयोग, आक्षेप आणि पुनःप्रयोग यांच्या कसोटीतून होत असते, व म्हणूनच ती मान्य होते.

यांतील पहिले दोन मार्ग विस्ताराने पाहतात, परंतु पडद्यावरील उत्तर वाचून झाल्यावर पुढे काय घडले हे त्यांना दिसत नाही. सुरक्षिततेचा प्रश्न तर नेमका तेथूनच सुरू होतो.

३. शब्द आणि अपघात

शब्दामुळे अपघात घडू शकतो, हा विचार भाषाशास्त्राला नवा नाही. बेंजामिन ली व्होर्फ हे अमेरिकेतील हार्टफर्ड येथील एका अग्निविमा कंपनीत आगप्रतिबंधाचे काम करीत. १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्यांनी पेट्रोलच्या पिंपांचे उदाहरण दिले आहे. भरलेल्या पिंपांजवळ लोक जपून वागत. ‘रिकाम्या’ पिंपांजवळ मात्र निर्धास्तपणे धूम्रपान करीत. वास्तविक रिकाम्या पिंपात स्फोटक वाफ साठलेली असल्याने तेच अधिक धोक्याचे. व्होर्फ यांनी यावरून काढलेल्या व्यापक सिद्धान्ताविषयी मतभेद आहेत; मात्र ‘रिकामे’ या शब्दाने सावधगिरी सैल होते, हे निरीक्षण त्या वादावर अवलंबून नाही. मराठीतील ‘रिकामे पिंप’ हा प्रयोगही त्याच जातीचा आहे.

डोंबिवलीच्या २०२४ मधील दुर्घटनेतही असाच एक शब्द आढळतो. पहिल्या वृत्तांत ‘बॉयलरचा स्फोट’ असे म्हटले गेले. पुढे तो स्फोट रिॲक्टरचा असल्याचे सांगण्यात आले. बोलण्यात तापणाऱ्या कोणत्याही मोठ्या पात्राला ‘बॉयलर’ म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः बॉयलरमध्ये पाण्याची वाफ होते, तर रिॲक्टरमध्ये रासायनिक अभिक्रिया घडते. अनेक अभिक्रियांचा वेग तापमान दहा अंशांनी वाढले की सुमारे दुप्पट होतो, असा स्थूल नियम आहे. पात्र थंड ठेवणाऱ्या पाण्याची उष्णता वाहून नेण्याची शक्ती मात्र केवळ तापमानांतील अंतराच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे एका मर्यादेपलीकडे अभिक्रिया हाताबाहेर जाते. तपासणीची यंत्रणाही निराळी असते. बॉयलरसाठी स्वतंत्र कायदा व संचालनालय आहे. कारखान्यातील इतर धोके औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कक्षेत येतात. सारांश, शब्द बदलला की धोक्याची कल्पना बदलते आणि जबाबदारीचे स्थानही बदलते.

४. वाक्याचा प्रवास

घातक रसायनांसंबंधीच्या १९८९ च्या केंद्रीय नियमांनुसार अशा रसायनाचे सुरक्षा-माहितीपत्रक असणे आवश्यक ठरले. आज प्रचलित असलेल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत या पत्रकाचे सोळा विभाग असतात. ते बहुधा इंग्रजीत, दाट परिभाषेत लिहिलेले असते. ते मराठीत समजावून घेण्यासाठी एखादा तरुण रसायनज्ञ फोनवरील साधनाकडे वळला, तर त्यात नवल नाही, आणि ते सर्वस्वी अनुचितही नाही. न वाचलेल्या इंग्रजी पत्रकापेक्षा समजलेले मराठी पत्रक केव्हाही बरे. प्रश्न एवढाच की, त्या वाक्याचे पुढे काय होते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. साधनाने उत्तर दिले : ‘शुद्ध स्वरूपात हा पदार्थ १२० अंशांपर्यंत बहुधा स्थिर राहतो, लोहाचा अंश असल्यास त्याआधीच विघटन सुरू होऊ शकते.’ रसायनज्ञाने वहीत टिपले : ‘१२० अंशांपर्यंत स्थिर.’ पाळी बदलताना तोंडी निरोप गेला : ‘१२० पर्यंत चालतं.’ तीन पायऱ्यांत प्रथम ‘बहुधा’ गेले, त्याबरोबरच ‘शुद्ध स्वरूपात’ ही अट गेली, आणि शेवटी ‘चालतं’ या क्रियापदाने स्थिरतेच्या विधानाचे परवानगीत रूपांतर केले. कोणीही खोटे बोलले नाही. लातूर व वूलगर यांनी वर्णिलेलीच ही गळती. फरक इतकाच की, येथे मधे एकही प्रयोग झाला नाही.

मराठीच्या व्याकरणात या दृष्टीने विशेष लक्ष देण्याजोगे स्थळ म्हणजे विध्यर्थ. इंग्रजी मानकांत ‘शॅल’ हे बंधन, ‘शुड’ ही शिफारस आणि ‘मे’ ही मुभा, असा भेद कसोशीने पाळला जातो. मराठीत ‘झडप उघडावी’ हे एकच रूप आज्ञा व सल्ला या दोन्ही अर्थी येते. आणि ‘वायू बाहेर पडला असावा’ यात तेच ‘-आवा’ तर्क दर्शविते. येथे भाषेचे दारिद्र्य आहे असे मुळीच नव्हे. ‘उघडलीच पाहिजे’, ‘उघडणे इष्ट’, ‘उघडण्यास हरकत नाही’ अशी नेमकी रूपे मराठीत सिद्ध आहेत. परंतु गुळगुळीत भाषांतरात सर्वत्र ‘-आवे’ येऊन बसते.

संक्षेपाचाही असाच धोका आहे. ‘पाण्यात आम्ल हळूहळू ओतावे; आम्लात पाणी ओतू नये’ या सूचनेत सर्व अर्थ ‘त’ या प्रत्ययावर तोललेला आहे. तीव्र सल्फ्युरिक आम्लात पाणी पडल्यास उष्णतेने ते उसळून अंगावर उडते. या सूचनेचा सारांश ‘आम्ल व पाणी सावकाश मिसळावे’ असा केला तर वाक्य शुद्ध राहते, सुबोधही होते. फक्त तिचा प्राण जातो.

५. क्षेत्रीय अभ्यासाची रूपरेषा

राजा परशुरामन व व्हिक्टर रायली यांनी १९९७ मध्ये स्वयंचलित यंत्रणांच्या वापराची मीमांसा करताना दोन टोकांच्या दोषांकडे लक्ष वेधले : यंत्रणेवर वाजवीपेक्षा अधिक विसंबणे, आणि उपयुक्त यंत्रणा अविश्वासाने टाकून देणे. अभ्यासकाने दोहोंची सारखीच नोंद घेतली पाहिजे. केवळ चुका वेचणारा अभ्यास एकांगी ठरेल.

‘तुम्ही हे साधन वापरता काय?’ असा थेट प्रश्न विचारून फारसे हाती लागत नाही. नोकरीच्या ठिकाणी असा प्रश्न चौकशीसारखा वाटतो. त्याऐवजी एकच सूचना चार ठिकाणी टिपावी : साधनाशी झालेल्या संभाषणात, रसायनज्ञाच्या वहीत, पाळीबदलाच्या तोंडी निरोपात आणि प्रत्यक्ष कृतीत. प्रत्येक ठिकाणी चार अंग तपासावीत, ती म्हणजे परिमाण, अट, निषेध आणि खात्रीची मात्रा. कोणते अंग कोणत्या पायरीवर गळाले, हे अशा तक्त्यावरून स्पष्ट होते. हीच तपासणी अनुभवी कामगाराने आपल्या शब्दांत दिलेल्या सूचनेलाही लावावी. कारण माणसांच्या निरोपांतही गळती होते, आणि तुलनेवाचून साधनाला दोष वा श्रेय देता येत नाही.

आकलनाची कसोटी ‘समजले का?’ या प्रश्नाने होत नाही; त्याचे उत्तर बहुधा होकारार्थीच येते. ‘काटा १२५ वर गेला तर प्रथम काय कराल?’ असे विचारून उत्तर कामगाराच्या स्वतःच्या भाषेत घ्यावे. या पट्ट्यात ती भाषा मराठी असेल, हिंदी असेल, किंवा दोहोंची मिसळ असेल. नोंद जशीच्या तशी व्हावी. कारखान्याचे नाव, पदार्थाचे नाव व बोलणाऱ्याची ओळख नोंदीतून वगळावी, आणि कोणाचेही उत्तर त्याच्या वरिष्ठाच्या हाती जाणार नाही, याची हमी आधीच द्यावी. मात्र तात्काळ धोका दिसून आल्यास अभ्यास थांबवून तो संबंधितांच्या कानी घालणे हे अभ्यासकाचे पहिले कर्तव्य राहील, आणि हीही गोष्ट आरंभीच सर्वांना सांगितलेली असावी.

मुंबई विद्यापीठाची उपकेंद्रे ठाणे व कल्याण येथे आहेत. विज्ञान महाविद्यालये आणि औद्योगिक वसाहती एकाच रेल्वेमार्गावर आहेत. रसायनशास्त्राचा व भाषाशास्त्राचा प्रत्येकी एक विद्यार्थी मिळून हे काम करू शकतील, कारण एकाला कोणती अट गळाली तर घात होईल हे कळते आणि दुसऱ्याला ती कोणत्या शब्दाबरोबर गळाली हे दिसते.

६. उपसंहार

१९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोश सिद्ध करून शास्त्रीय संज्ञांना मराठी पर्याय दिले. त्या कार्याचा भर स्वाभाविकपणे नामांवर होता. आता जी गरज उत्पन्न झाली आहे ती वाक्यासंबंधीची आहे. बंधन, सल्ला, मुभा, तर्क आणि निषेध हे मराठी सूचनेत कोणत्या रूपांनी व्यक्त करावेत, याचे संकेत ठरले पाहिजेत आणि ते प्रत्यक्ष कामगारांबरोबर पडताळून पाहिले पाहिजेत. असे संकेत हाती असतील तर सूचना माणसाने लिहिली की साधनाने, याला गौणत्व येईल. ती एकाच कसोटीवर तपासता येईल. ही कसोटी तयार करण्यासाठी लागणारी सामग्री डोंबिवलीच्या पाळीबदलाच्या वेळी रोज बोलली जात आहे. ती टिपण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे.