बाधितांच्या सहभागातून संशोधन : व्हँकुव्हरचा अनुभव

समुदायाधारित संशोधनात, ज्यांच्या जगण्याचा अभ्यास होतो ते लोक प्रश्न ठरवण्यापासून निष्कर्षांच्या वापरापर्यंत बरोबरीचे भागीदार असतात. व्हँकुव्हरमध्ये असे संशोधन हानी-न्यूनीकरणाशी जोडले गेले; हानी-न्यूनीकरण म्हणजे व्यसनमुक्तीची पूर्वअट न घालता व्यसनातून उद्भवणारे संसर्ग आणि मृत्यू कमी करणे होय.

पार्श्वभूमी : अमली पदार्थ टोचण्यासाठी एकच सुई अनेकांनी वापरल्यास रक्ताच्या सूक्ष्म अंशातून एचआयव्हीबरोबरच हिपॅटायटिस बी आणि सी यांचे विषाणूही पसरतात. कॅनडातील व्हँकुव्हर शहराच्या डाउनटाउन ईस्टसाइड या वस्तीत हा फैलाव इतका तीव्र झाला, की १९९७ मध्ये तेथे सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली.

संघटना : त्याच सुमारास अमली पदार्थ वापरणाऱ्यांनी ‘वांडू’ ही स्वतःची संघटना उभारली, तिच्या सदस्यांनी निर्जंतुक सुयांचे वाटप केले आणि संशोधकांसोबत अभ्यासांतही भाग घेतला.

परिणाम : सप्टेंबर २००३ मध्ये ‘इनसाइट’ हे प्रशिक्षित परिचारिकांच्या देखरेखीखाली इंजेक्शन घेता येणारे, कायदेशीर परवानगी असलेले उत्तर अमेरिकेतील पहिले केंद्र येथे सुरू झाले. ‘द लॅन्सेट’मधील २०११ च्या अभ्यासानुसार, केंद्रापासून ५०० मीटरच्या परिघात अतिमात्रेमुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण ३५ टक्क्यांनी घटले, तर उर्वरित शहरात ही घट सुमारे ९ टक्केच होती.

न्यायनिर्णय : असेच पुरावे विचारात घेऊन कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०११ मध्ये केंद्र सुरू ठेवण्याच्या बाजूने एकमताने निकाल दिला.